कोपऱ्यातली नोंद

कुठेही पोचले की काका आधी उजव्या हाताची तर्जनी जिभेला लावायचे आणि ती डोक्यावर धरून उभे राहायचे. समुद्रावर असं कुणी केलं तर समजू शकतं. काका हे भर बाजारात करायचे, एस.टी. स्टँडवर करायचे, एकदा तर बँकेच्या रांगेत पंख्याखाली करताना मी स्वतः पाहिलंय. वारा कुठून आहे ते कळलं की खिशातून पेन्सिलीचं थोटूक निघायचं आणि चित्राची एक रेघही ओढायच्या आधी वहीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंद व्हायची. वेळ, भरती की ओहोटी, वारा, माणसं किती.

"आधी चित्र काढा ना काका," मी म्हणायचो. "माणसं उठून जातील."

"जाऊ देत. ती इथे होती, याची नोंद असलेली बरी."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि आपल्या कामाला लागतो. मीही पुष्कळ हसलोय. पण आता ते वर धरलेलं बोट आठवलं की हसू येत नाही. का, तेच सांगायला बसलोय.

काका काही माझे सख्खे काका नव्हेत. त्यांचं घर आमच्या घराच्या खालच्या अंगाला, मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आणि हापूसचं एक म्हातारं कलम, एवढंच नातं. बंदरावरच्या एका कचेरीत त्यांनी सारी नोकरी भरती-ओहोटीच्या आणि बोटींच्या नोंदी करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, नोंदी काही सुटल्या नाहीत. बोटींच्या जागी माणसं आली आणि आकड्यांशेजारी चित्रं आली.

१९९८ साली मी रत्नागिरीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान टाकलं. जोडीला वह्या, पेनं, अर्जांचे छापील नमुने. काका दर अडीच-तीन महिन्यांनी कोऱ्या पानांची, जाड पुठ्ठ्याची वही माझ्याकडून न्यायचे. मला एक खोड होती. विकलेल्या प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याला आतून मी दुकानाचा रबरी शिक्का मारायचो, मालकाच्या नावासकट. फुकटात जाहिरात होते, असं वाटायचं. हा शिक्का लक्षात ठेवा.

काकांनी समुद्र कधी काढला नाही. सूर्यास्त तर नाहीच. "तो काय, उद्यापण मावळेल," म्हणायचे. मांडवीला जाऊन समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि भेळ खाणारी माणसं काढायचे. हेदवीच्या गाडीची वाट बघत फणसाच्या पोत्यावर बसलेली म्हातारी. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून रस्त्यावरचं भांडण बघायला बाहेर आलेला न्हावी. फोनच्या बूथमध्ये मुंबईच्या मुलाशी बोलताना पदर नीट करणारी बाई. मिरकरवाड्याला एका मासळीवालीने तर वही हातातून ओढूनच घेतली.

"काय ओ काका, माजं नाक येवडं हाय?"

"नाक तेवढंच आहे गो. पण टोपलीवरचा हात बघ तुझा."

तिने हात बघितला. बराच वेळ बघितला. मग टोपलीतल्या बांगड्यांचा एक वाटा काकांच्या पिशवीत टाकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून ओरडायला लागली.

त्या तीन-चार वर्षांत तुम्ही कधी रत्नागिरीला आला असाल, स्टँडवर गाडीची वाट बघत बसला असाल, तर तुम्हीही त्या वह्यांमध्ये होतात. हेही लक्षात ठेवा.

माझे वडीलही त्यांत होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सकाळचे ते दुकानात येऊन यंत्राजवळच्या स्टुलावर बसत. काम काही नाही. थंडीच्या दिवसांत झेरॉक्सच्या यंत्राच्या झाकणावर तळहात ठेवून ऊब घ्यायचे आणि तशीच डुलकी काढायचे, चष्मा कपाळावर. काकांनी एकदा त्यांना तसंच काढलं. कोपऱ्यात लिहिलं, 'सव्वाअकरा. ओहोटी लागली. वारा उत्तरेचा. गिऱ्हाईक नाही.' पुढच्या वर्षी आबा गेले. त्यांचा फोटो म्हणाल तर मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते पकडून आणलेल्या माणसासारखे दिसतात. खरे आबा त्या वहीत होते.

वह्या माझ्याकडेच असायच्या. काकांच्या घराला ओल, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. माझ्या दुकानाचा पोटमाळा यंत्राच्या उष्णतेने बारा महिने कोरडा. म्हणून भरलेली वही काका आणून द्यायचे आणि मी ती झेरॉक्सच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायचो. "आमच्याकडे बुरशी खाईल. तुझ्याकडे सुखात राहतील," म्हणायचे. अशा चौदा वह्या झाल्या.

मग ते दिवस आले. वर्तमानपत्रात रोज अतिरेक्यांबद्दल काही ना काही असायचं. समुद्रातून कोण कधी उतरेल सांगता यायचं नाय, असं रिक्षावालासुद्धा मागे वळून सांगायचा. आरे-वारेच्या रस्त्याला पुण्याचं एखादं कुटुंब डबा खायला थांबलं तरी कुणीतरी गाडीचा नंबर लिहून घ्यायचं. जेटीजवळ पत्र्याची एक नवी शेड उभी राहिली आणि तिच्यात दोन पहारेकरी बसायला लागले. काकांच्या दृष्टीने शहरात एक नवीन चित्र आलं होतं, बस. त्यांनी ते काढलं. कोपऱ्यात नोंद केली, 'तीन दहा. पूर्ण भरती. वारा पश्चिमेचा. पहारेकरी दोन. जागा एक.'

दुकानात येऊन मला दाखवलं तेव्हा मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"खरंच एकच जागा होता?"

"तोपण पेंगत होता रे. पण म्हटलं, धरूया जागा."

चार दिवसांनी दुपारी साध्या कपड्यातले दोघे दुकानात आले. एकाने कसल्यातरी कागदाची झेरॉक्स मागितली. मी काढून दिली. कागद हातात घेऊन तो अगदी सहज म्हणाला, "ते चित्रं काढणारे गृहस्थ इथे बसतात ना?"

का कोण जाणे, मला लगेच कळलं हे कोण आहेत ते.

"बसतात कधीतरी."

"ओळखीचे आहेत?"

"गिऱ्हाईक आहेत. तशी काही ओळख नाही."

हे मी म्हणालो. ज्यांच्या घरून दर चतुर्थीला मोदक यायचे, आबांच्या तिरडीला ज्यांनी खांदा दिला होता, त्यांच्याबद्दल मी म्हणालो की तशी काही ओळख नाही. आणि एवढं सोपं गेलं ते, की माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्याने मान वर करून पोटमाळ्याकडे पाहिलं. "वर काय असतं?"

"रद्दी," मी म्हणालो.

ते दोघे शांतपणे आभार मानून गेले. खरं सांगायचं तर आवाजही चढवला नाही त्यांनी. पण पुढच्या गिऱ्हाइकाचा रेशनकार्डाचा कागद मी यंत्रात दोनदा तिरका घातला.

संध्याकाळी गिऱ्हाईक थांबल्यावर शिडी लावून वर गेलो आणि एक वही उघडली. ज्या नोंदी वाचून मी वर्षानुवर्षं हसलो होतो त्या वाचायला लागलो. 'बँक. रांगेत एकवीस. शिपाई चहाला गेलेला.' 'भाट्याचा पूल. चार मिनिटं पुलावर कुणी नाही.' 'दीपगृह. दरवाजा उघडा.' 'बंदर. बोटी सदतीस. दिवे लागले, सात पाच.' अक्षर तेच, पेन्सिल तीच, पण आता प्रत्येक ओळ कुणीतरी टेबलावर माझ्यासमोर ठेवून याचा अर्थ काय, असं विचारतंय असं वाटायला लागलं. आणि प्रत्येक वहीचा पुठ्ठा उघडला की आत माझा शिक्का. माझं नाव. चौदा वेळा.

मी खाली उतरतो तोच काका दारात उभे. त्यांच्याकडेही ते दोघे जाऊन आले होते.

"एक वही दे रे. चालू होती ती तपासायला नेलीय."

"नेली?"

"मीच म्हटलं, न्या. नोंद तपासून घेतलेली बरी." एवढं बोलून ते हसले, पण तर्जनी काही जिभेकडे गेली नाही. हात खिशातच होता. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

मी वही काढली. शिक्का मारला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, रस्त्यावर कुणी बघत नाही ना ते बघून, त्यांच्या हातात दिली. काकांनी दारातच कागद सोडला, पुठ्ठा उघडून आत पाहिलं. शिक्का नव्हता. वर पोटमाळ्याकडे बोट करून एवढंच म्हणाले, "त्या सुखात आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी रिक्षा बोलावली आणि खोकी घरी आणली.

आमची न्हाणी घराच्या मागे, तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू उघडी. तिथे चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि चूल पेटवली. जाड पुठ्ठा लवकर पेट घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. वही अख्खी घातली की नुसता काळा धूर होतो. पानं फाडून घालावी लागतात. म्हणजे प्रत्येक पान हातात घ्यावं लागतं. फणसावरची म्हातारी, अर्ध्या दाढीचा माणूस, मासळीवालीचा हात. तुम्ही त्या स्टँडवर होतात, असं मघाशी म्हटलं ना मी? तुम्हालाही मीच जाळलंय.

आबांचं पान आलं. ते मात्र माझ्याने टाकवेना. घडी करून बनियनच्या आत घातलं आणि नंतर देवघरातल्या तसबिरीच्या मागे सरकवलं. एवढी अक्कल शिल्लक होती. म्हणजे आपण काय करतोय ते मला नीट कळत होतं, असाच त्याचा अर्थ.

"आज पाणी एवढं कढत कसं?" बायकोने विचारलं.

"लाकडं सुकी होती," मी म्हणालो आणि त्याच पाण्याने आंघोळ केली.

महिना गेला. कुणी आलं नाही. एके दिवशी काका दुकानात आले ते खुशीत. वही परत मिळाली होती. एक साहेब स्वतः घरी येऊन देऊन गेले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "आमचे दोघंही आता जागे असतात. तेवढी दुरुस्ती करा." शेवटच्या पानावर कचेरीचा गोल शिक्का आणि सही. बाकी एका पानाला सुरकुतीसुद्धा नव्हती.

आहे की नाही गंमत? ज्यांना आम्ही घाबरलो त्यांनी नेलेली वही धडधाकट परत आली.

"ही ठेव बाकीच्यांत," काका म्हणाले आणि वही काउंटरवर ठेवली.

महिनाभर मी हे वाक्य ऐकायच्या भीतीत होतो. उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

"काका, एक सांगायचं राहिलं. वाळवी लागली हो. गेल्या पावसात. मला कळलंच नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. आमच्या भागात वाळवीवर कुणी शंका घेत नाही. ती लाकूड खाते, कागद खाते, दाराची चौकट खाते. पण पोटमाळ्यावर यंत्राच्या उष्णतेत वाळवी कशी होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी बोट जिभेला लावलं आणि दुकानात, पंख्याखाली वर धरलं. मला वाटलं आता विचारतील.

"असू दे," ते म्हणाले. "वाळवीला कुठे वाचता येतंय." आणि ती परत आलेली वही माझ्याच काउंटरवर ठेवून गेले.

त्यानंतर चार दिवस ते सकाळचे दुकानात येऊन आबांच्या स्टुलासमोर बसले. स्टूल रिकामं होतं. काका त्याच्याकडे बघायचे, वहीत काही खोडायचे, परत बघायचे. चौथ्या दिवशी एक पान फाडून माझ्यासमोर ठेवलं.

"तुझ्या बाबांचं त्या वहीत होतं ना, ते गेलं. म्हणून परत काढलं."

झाकणावर तोच तळहात, कपाळावर तोच चष्मा. कोपऱ्यातही तेच. 'सव्वाअकरा. ओहोटी लागली. वारा उत्तरेचा. गिऱ्हाईक नाही.' घरी जाऊन मी तसबिरीमागचं पान काढून ताडून पाहिलं. तीन वर्षांनंतर एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. फरक एकच. पहिल्या चित्रात आबा झोपलेले आहेत. दुसऱ्यात डोळे उघडे आहेत आणि ते सरळ माझ्याकडे बघतायत.

"जागे काढलेत या वेळी?" मी विचारलं होतं.

"झोपलेले किती दिवस बघशील," काका म्हणाले होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पान हातात होतं, दुकानात तिसरं कुणी नव्हतं, माणूस समोर बसलेला होता. मी चहा मागवला.

पोलिसांची भीती महिन्याभराची होती. काकांची भीती पुढे पाच वर्षं टिकली. ते पायरी चढताना दिसले की वाटायचं, आज विचारतील. आज म्हणतील, एखादं पान तरी उरलं असेल, शोधू या, शिडी लाव. ते कधी म्हणाले नाहीत. यायचे, वही घ्यायचे, "शिक्का मार हां," असं आठवणीने सांगायचे. भरलेल्या वह्या मात्र आता घरीच ठेवायचे, ओलीत. बुरशी लागायची. मी त्यांना कधी माझ्याकडे ठेवा म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

एका गणपतीनंतर काका गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. तेराव्यानंतर काकू गडग्यापाशी आल्या. हातात जाड पुठ्ठ्याची एक वही.

"ही तुला द्यायला सांगितली होती त्यांनी. बाकीच्यांना बुरशी आलीय, पण ही ते कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवायचे. मी म्हटलं, काय आहे एवढं हिच्यात? तर म्हणाले, त्याचीच आहे ती."

मी वही उघडली. पुठ्ठ्याला आतून शिक्का नव्हता. माझ्या हातून बिनशिक्क्याची अशी एकच वही कधी गेली होती.

पहिल्याच पानावर आमची न्हाणी होती. खालून, गडग्यावरून दिसते तशी. चुलीपुढे अर्धा पाठमोरा उकिडवा बसलेला एक माणूस, शेजारी झेरॉक्सच्या कागदाची तीन खोकी, झाकणं उघडी. एक हात चुलीकडे, दुसरा बनियनच्या आत काहीतरी सरकवतोय. वर काळा धूर, सरळ, कुठेही न हलता, कलमाच्या शेंड्यापर्यंत गेलेला. रेघ कुठे थरथरलेली नाही.

सगळी वर्षं ते या चित्रासकट माझ्या दुकानाची पायरी चढत होते.

काकांनी कोपऱ्यात कधी कुणाच्या मनातलं लिहिलेलं मला आठवत नाही. मोजता येईल तेवढंच लिहायचे. या एका पानावर लिहिलं होतं.

'सहा वीस. ओहोटी. वारा नाही. माणूस एक. फार घाबरलाय. हाक मारली नाही.'